जिन्याखालचं टपाल

आपण या जगात उरलेलो नाही, ही बातमी माणसाला सगळ्यांत शेवटी कळते. मला ती पेन्शन कचेरीच्या खिडकीत कळली. खिडकीतल्या बाईंनी आधी संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा संगणकात पाहिलं आणि दोघांपैकी संगणकावर जास्त भरवसा ठेवून म्हणाल्या, "आम्ही विचारणा केली होती. तुमचं उत्तर आलं नाही. म्हणून तुमचं नाव हयात नसलेल्यांत टाकलंय."

"अहो, पण मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"ते दिसतंय हो," बाई म्हणाल्या, "पण ईमेल नाही ना आलं."

ईमेल मी पाठवलं होतं. "विषय: मी जिवंत असल्याबाबत" असा मथळा देऊन, व्यवस्थित पाठवलं होतं. ते कुठे गेलं, हाच या हकिकतीचा विषय आहे. यात माझा काहीही दोष नाही, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण शेवटपर्यंत वाचल्यावर तुमचं मत वेगळं होण्याची शक्यता आहे.

पाणीपुरवठा कचेरीच्या आवक-जावक विभागात मी उभी हयात काढली. आलेला कागद परत पाठवायचा नाही आणि गेलेल्या कागदाची पोच घ्यायची, ही दोन तत्त्वं मी रक्तात भिनवून घेतली होती. अशा माणसाचं टपाल एका बड्या कंपनीच्या फुकटच्या खात्यात पडलेलं असावं, हे मला तसं कधीच रुचलं नव्हतं. पण फुकट ते पौष्टिक, म्हणून चालवून घेतलं होतं. एके दिवशी मी परवलीचा शब्द विसरलो. कंपनीने विचारलं, "तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?" आम्ही कधी मांजरही पाळलेलं नाही. खातं उघडताना मी तिथे विनोद म्हणून काहीतरी भरलं होतं. बहुतेक मेहुण्याचं नाव. ते मी सगळ्या प्रकारे लिहून पाहिलं, आणि कंपनीने खात्याला कायमचं कुलूप घातलं.

आता योग असा, की माझी एकुलती एक लेक त्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आलेल्या टपालातलं खरं कुठलं आणि कचरा कुठला, हे ठरवणारं यंत्र तिचा विभाग सांभाळतो. मी लगेच फोन केला.

"बाबा, मला कुणाचंही खातं उघडता येत नाही. तसा अधिकारच नसतो."

"मग तिथे काय झाडू मारतेस का?" मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण लोकांची पत्रं चाळणं हा काही इभ्रतीचा धंदा नव्हे, आमच्या घराण्यात असं काम कुणी केलं नाही, वगैरे वगैरे बोललो, आणि तिचं उत्तर येण्याआधी फोन आपटला. त्या दिवसापासून ती फक्त आईशी बोलू लागली. तीन-चार महिन्यांनी तिची बदली समुद्रापलीकडच्या शाखेत होणार होती, आणि जाण्याआधी घरी न येता ती परस्पर तिथूनच निघणार आहे, असं हिने मला भाजी चिरता चिरता सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मीही पेपरातून डोकं वर काढलं नाही. पेपर उलटा होता, हे नंतर लक्षात आलं.

मग मी इरेला पेटलो. स्वतःचं टपालखातं स्वतःच्या घरात चालवायचं! कुणाची मिजास नको आणि कुणाचं कुलूप नको.

मेहुण्याला असल्या कामांत भलता उत्साह. तो कुठूनतरी एक जुना छोटा संगणक घेऊन आला. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, नुसती पेटी आणि पुढे एक हिरवा दिवा. लिहायचं-वाचायचं ते घरातल्या लॅपटॉपवर, टपालाची ये-जा मात्र पेटीतून. ती ठेवायची कुठे यावर घरात बराच खल झाला आणि शेवटी छत्र्या आणि जुने बूट हलवून ती जिन्याखालच्या खोपटात ठेवली. शेजारचा औषधवाला बघायला आला. "घरात पोस्ट काढणार? साहेब, परवाना लागेल," म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "रेडिएशन असतं. झाडं मरतात." इंटरनेटच्या कचेरीत पेटीसाठी घर-नंबरासारखा कायमचा क्रमांक मागायला गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने "कशासाठी हवाय" म्हणून विचारलं, आणि मी सांगितल्यावर दुसऱ्या मुलीला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं.

इंटरनेटवर आपल्या नावाचा पत्ता विकत मिळतो. आमचं आडनाव तसं फार लोकांचं नाही, तरी तो पत्ता मोकळा असेल असं वाटलं नव्हतं. चक्क मोकळा होता.

"आधी कुणाकडे तरी होता," मेहुणा म्हणाला. "मुदत संपली, त्याने वाढवली नाही. भावोजी, तुमचं नशीब थोर."

भाड्याचं घर घेताना आपण आधीचा भाडेकरू का गेला ते दहा जणांना विचारतो. इथे मी ते विचारलं नाही. उलट माझ्या तत्त्वाप्रमाणे पेटीला हुकूम दिला, की आपल्या आडनावाच्या पत्त्यावर कुणाच्याही नावाने काहीही आलं, तरी आत घ्यायचं. आवकला आलेला कागद परत पाठवायचा नाही. पत्ता विकत घेणाऱ्याचं नाव आणि घर गुप्त ठेवण्याची सोय मिळत होती, तीही मी नाकारली. लपायला मी काय चोर आहे?

पेटी सुरू झाली. मंद घुमू लागली. पहिल्याच दिवशी मी पेन्शन कचेरीला, वीज कंपनीला, दातांच्या डॉक्टरांना आणि गल्लीच्या समितीला माझा नवा पत्ता कळवला. सगळी पत्रं गेली. पेटी प्रत्येक वेळी "स्वीकारलं" असं सांगायची. आणि कुणाचंही उत्तर यायचं नाही.

आधी मला वाटलं, लोक आळशी आहेत. मग दातांच्या डॉक्टरांनी माझी वेळ दुसऱ्याला दिली. गल्लीच्या समितीने सभेची सूचना पाठवली नाही, विचारलं तर सचिव चपापून म्हणाले, "तुम्ही इथून गेलात ना? तुमची काहीच हालचाल नाही, म्हणून आम्हाला वाटलं..." रोज माझ्या घरावरून फिरायला जाणारा माणूस! मेहुण्याने शोध लावला, की या सगळ्यांचं टपाल त्या बड्या कंपनीकडेच असतं. आमच्या क्रमांकाच्या आसपासच्या एका क्रमांकावरून पूर्वी कुणीतरी लबाडीची पत्रं पाठवली होती, तेव्हा त्या सगळ्या वस्तीचंच नाव खराब झालं होतं. आमची पत्रं दारातून हसतमुखाने आत घेतात आणि मागच्या दाराने कचऱ्यात टाकतात. मी कंपनीच्या संकेतस्थळावर रीतसर तक्रार भरली. कंपनीचं उत्तर आलं, "आपण खरे प्रेषक आहात याची खात्री म्हणून या पत्राला उत्तर द्यावे." मी दिलं. ते त्यांना पोचलं नाही. "आपले उत्तर न आल्याने तक्रार बंद करत आहोत."

मला खरं सांगायचं तर त्या दिवसांत थोडी भीती वाटू लागली होती. दुकानात माझा नंबर असताना मागचा माणूस पुढे व्हायचा. मॉलचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी एकदा उघडलंच नाही. मी तिथे उभा राहिलो आणि काचेत स्वतःकडे बघत राहिलो. हे योगायोग असतात, मला कळतं. पण एकामागून एक आले की माणूस हळूच स्वतःची नाडी बघतो.

आणि अशातच, एका रणरणत्या दुपारी, जिन्याखालचा दिवा लुकलुकला आणि पहिलं पत्र आलं.

"दादा, किती दिवसांनी तुझा पत्ता जागा झाला! मी दर आठवड्याला लिहीत होते, सगळं परत येत होतं. आज नाही आलं परत. बरा आहेस ना? तुझी धाकटी."

मला धाकटी बहीण नाही. थोरलीही नाही.

मी कचेरीच्या शिस्तीत उत्तर लिहिलं. "विषय: आपला गैरसमज. माननीय बाई, आपण समजता तो मी नव्हे. हा पत्ता मी नव्याने घेतला आहे." तासाभरात उत्तर. म्हणजे माझं पत्र पोचलं होतं! अख्ख्या जगात या एका बाईला. तिचं खातं एका जुन्या कॉलेजच्या यंत्रावर होतं, आणि ते यंत्र अजून माणसांवर विश्वास ठेवत असावं.

"मला बाई म्हणतोस? आणि विषय घालून पत्र लिहायची खोड अजून गेली नाही! तू गेलास असं मला सांगितलं होतं सगळ्यांनी. मी तेव्हा दवाखान्यात होते, मला कुणी नेलं नाही. मी बघितलं नाही ते मी मानत नाही. पत्रं थांबली होती, आता सुरू झाली, म्हणजे यंत्रच बिघडलं असणार. आणि त्या जिन्याखाली वाकून बसू नकोस. पाठ धरते."

मी मागे वळून बघितलं. जिना होता. दिवा होता. पेटी घुमत होती. जिन्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

हिला हाक मारली. हिने पत्र वाचलं, चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं. "तिला खरं काय ते नीट सांगा," म्हणाली. मी नीट सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. ती प्रत्येक वेळी हसायची, आणि आपल्या गुडघ्यांची, कुंड्यांची, वरच्या मजल्यावरच्या आदळआपटीची हकिकत कळवायची. मीही हळूहळू माझ्या पाठीची कळवू लागलो. काय करणार? जे मला रोज जिवंत बघत होते ते सगळे मला मेलेला समजत होते, आणि जिचा दादा खरोखर मेलेला होता ती एकटी मला जिवंत धरून बसली होती.

"जिवंत मुलीला फोन करवत नाही," ही एकदा म्हणाली, "आणि मेलेल्या माणसाच्या बहिणीशी रोज गप्पा!"

हे मला लागलं. कारण हिला माहीत नव्हतं, की लेकीला मी लिहिलं होतं. फोनवर जे तोंडातून निघत नाही ते कागदावर निघतं, हा माझा जुना अनुभव. दोनदा लिहिलं. उत्तर नाही. मला वाटलं, पोरगी भलतीच मानी. बापावर गेली.

मग तिसऱ्यांदा लिहिलं, आणि या वेळी विषय घातला नाही.

"बाळ, माझं चुकलं. तुझ्या कामाला मी नावं ठेवली, ती मला त्यातलं काही कळत नाही म्हणून. फोन आपटला तेव्हाच कळलं होतं की चुकलं, पण हात पुन्हा फोनकडे जाईना. जाण्याआधी एकदा घरी ये. तुझा बाप."

आता पाहा, इथे माझी सवय आडवी आली. जावक पत्राखाली "प्रत माहितीसाठी" अशी ओळ नसेल, तर ते पत्र मला उघडं वाटतं. कुणाला तरी प्रत गेलीच पाहिजे, म्हणजे पत्र गेलं याला साक्षीदार राहतो. कचेरीत मी माझ्या रजेच्या अर्जाचीही प्रत अग्निशमन दलाला पाठवली आहे. इथे प्रत कुणाला पाठवणार? ज्या एकाच माणसाची पोच यायची, त्यालाच. मी धाकटीचा पत्ता खाली लिहिला आणि पाठवून दिलं.

लेकीचं उत्तर नाही. धाकटीचं दुसऱ्या दिवशी आलं.

"पत्र वाचून रडले. दादा, हे तू तेव्हाच लिहायला हवं होतंस. तो वाट बघून थकला. असो. मी त्याला पाठवलं आहे."

त्याला. म्हणजे कुणाला? पेटीचा आवाज त्या दिवशी मला जरा मोठा वाटला.

दोन-चार दिवस गेले. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, दाराची बेल वाजली. चाळिशीचा एक गृहस्थ उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेला एक कागद. त्याने आमच्या दारावरची पाटी वाचली, आडनावावर बोट ठेवलं, आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

कागदावर माझं पत्र होतं.

मी त्याला आत घेतलं. ही पाणी घेऊन आली. "माझे वडील जाऊन दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "परवा ऑफिसात बसलो होतो. आत्याकडून पत्र आलं. वर बाबांचा पत्ता. मी खाली जिन्यात जाऊन बसलो. आधी वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. मग वाटलं, चेष्टा असली तरी चालेल. पत्ता आता कुणी घेतलाय ते शोधलं, तर तुमचं घर उघड लिहिलेलं होतं."

मी सगळं सांगितलं. आडनाव, पत्ता, लेक, प्रत माहितीसाठी. तो ऐकत राहिला. "बाबाही असेच," म्हणाला. "त्यांनीही घरातच चालवलं होतं. जिन्याखाली." हिने माझा हात धरला. "आमचं भांडण झालं आणि बोलणं थांबलं. ते बोलायचे नाहीत, लिहायचे. पण शेवटी शेवटी त्यांची पत्रं आत्याशिवाय कुणालाच पोचत नव्हती, हे मला ते गेल्यावर कळलं. मी माझा कचऱ्याचा कप्पा उघडून बघितला. रिकामा होता. त्यातलं सगळं महिन्याभराने आपोआप पुसलं जातं. त्यांनी मला लिहिलं होतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही."

मग त्याने पेटी बघायला मागितली. आम्ही त्याला जिन्याशी नेलं. "एक मिनिट बसू का?" म्हणाला, आणि बुटांच्या जुन्या स्टुलावर वाकून आत बसला. दार त्याने ओढून घेतलं. आम्ही दोघं आपल्याच स्वयंपाकघरात चोरासारखे उभे राहिलो. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, आणि ऐकायचेही नव्हते. दाराच्या फटीतून हिरवा दिवा लुकलुकताना दिसत होता. एकसारखा, भराभर.

तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "आत धूळ फार आहे," म्हणाला. "पंखा साफ करत जा. आणि आत्याला लिहीत जा. खोटं बोलू नका, पण लिहीत जा."

तो गेला, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत राहिली. महिन्याभराने आपोआप पुसलं जातं. मी पहिलं पत्र कधी लिहिलं होतं? मी फोनकडे गेलो. नंबर फिरवला.

"बाबा?" लेक म्हणाली. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मीही बरा आहे. मी तुला पत्रं लिहिली होती."

"कुठली पत्रं?"

"तुझ्या कचऱ्यात बघ. लवकर बघ."

कळा वाजल्याचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा आवाज. "बाबा, इथे वर लिहिलंय, 'सावधान. हे पत्र तुमच्या वडिलांच्या नावाने आलं आहे, पण ते त्यांनी लिहिलं असावं असं वाटत नाही.'"

"तुझंच यंत्र ना ते?"

"माझंच. पण यंत्राचं काय चुकलं, सांगा. तुम्ही माफी मागितलीय! मलासुद्धा खरं वाटलं नसतं." आणि ती हसली. मग रडली. मग म्हणाली, "शनिवारी येते."

शनिवारी ती आली. आधी आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि थेट जिन्याखाली गेली. तिने पेटीत काय काय खुडबूड केली देव जाणे. "आता पोचतील पत्रं," म्हणाली. पेन्शन कचेरीला मात्र तोवर हिने स्वतःच्या खात्यावरून कळवलं होतं, की माझा नवरा हयात आहे. ते त्यांनी एका झटक्यात मान्य केलं. या घरात माझ्या असण्याबद्दल कुणाचा शब्द चालतो, हे त्यांनाही ठाऊक असावं.

त्याच दिवशी मी धाकटीला लिहिलं, की लेक घरी आली. तिचं उत्तर सायंकाळच्या चहाबरोबर आलं.

"छान झालं. पण दादा, तुझी लेक कुठून आली? म्हातारपणी काहीही लिहितोस. त्यापेक्षा तुझं त्या दिवशीचं दुसरं पत्र मला फार आवडलं. किती दिवसांनी तुझं असं पत्र आलं."

दुसरं पत्र मी लिहिलं नव्हतं. तिला मी ते परत पाठवायला सांगितलं. तिने पाठवलं. विषय नव्हता. प्रत माहितीसाठी कुणाला नव्हती. एवढंच होतं:

"पोरगा येऊन बसून गेला. त्याला मी लिहिलेलं काही मिळालं नाही. मी लिहिलं होतं. सांग त्याला."

लेकीने ते उलटसुलट तपासलं. हे तिचं रोजचं काम. खरं कुठलं आणि कचरा कुठला. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"बाबा, हे आपल्याच पेटीतून गेलंय."

"कधी?"

"तो माणूस आत बसला होता त्या दुपारी."

आत पडदा नाही. कळफलक नाही. हिने जिन्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "अहो, ती पेटी..." मेहुणा त्या दिवसापासून आमच्याकडे आला की अंगणातच खुर्ची मागतो.

मी जास्त विचार केला नाही. आलेला कागद परत पाठवायचा नाही, हे एक. आणि हे पत्र ज्याच्यासाठी होतं त्याला ते मिळालेलं नव्हतं, हे दुसरं. मी ते जसंच्या तसं ठेवलं, खाली एक ओळ घातली, "प्रत माहितीसाठी," पुढे त्या मुलाचा पत्ता लिहिला, आणि पाठवून दिलं.

आम्ही तिघं लॅपटॉप घेऊन जिन्याशी उभे राहिलो. दिवा लुकलुकला. त्या मुलाची पोच आली होती.

"मिळालं."